पाटी नसलेलं दुकान आणि माझ्या सायकलची चेन

पांढरकवड्यात हे दुकान शोधायचं असेल तर नावाने विचारू नका. दुकानाला नावच नाही. बसस्टँडच्या मागच्या अंगाला एक कडुनिंब आहे, त्याच्या फांदीला जुन्या रिमा टांगलेल्या दिसतील. त्या झाडाखाली टिनाच्या शेडमध्ये साठीच्या पुढचे एक मिस्त्री बसतात. पाटी नाही, पावती नाही, फोन लावला तर निम्म्या वेळा उचलत नाहीत. तरी माझ्या इलेक्ट्रिक सायकलची चेन गेलं सव्वा वर्ष याच माणसाने जिवंत ठेवली आहे. त्यांच्या कामाबद्दल नीट, सविस्तर लिहायचं असं मी बरेच दिवस मनाशी ठरवलं होतं.

मी ग्रामीण डाकसेवक आहे. या नोकरीला सायकल चालवता आली पाहिजे ही अटच असते. माझ्याकडे टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूची तीन गावं आणि दोन पोड, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्या, आहेत. रोजचे जाऊन-येऊन तीस किलोमीटर होतात. पत्रं पूर्वीइतकी येत नाहीत, पण पार्सलं आहेत, आरडीचे हप्ते आहेत, आणि अंगठा लावून पैसे काढायचं मशीन माझ्या पिशवीत असतं. निराधार योजनेचे, श्रावणबाळचे पैसे आले की पोडावरची म्हातारी माणसं सकाळपासून ओट्यावर बसून वाट पाहतात. बँक त्यांच्यासाठी दूर आहे आणि गाडीभाडं परवडत नाही. त्या दिवशी माझी चेन तुटली तर नुसता माझा खोळंबा होत नाही.

साध्या सायकलवर मी सहा वर्षं काढली, मग गुडघे बोलायला लागले. नोव्हेंबर २०२३ मध्ये हप्त्यावर इलेक्ट्रिक माउंटन बाईक घेतली. मागच्या चाकाच्या हबमध्ये २५० वॉटची मोटर, ३६ व्होल्टची बॅटरी, सात गिअर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, जाड टायर. ताशी २५ किलोमीटरला मोटर आपोआप सोडून देते, त्यामुळे लायसन्सही नको आणि नंबर प्लेटही नको. पूर्ण चार्जिंगला अर्ध्या युनिटच्या आत वीज लागते. गाडीबद्दल माझी तक्रार नाही. पण ती विकताना बॅटरी कशी जपायची हे अर्धा तास सांगितलं गेलं, आणि चेनीबद्दल एक शब्दही नाही.

आमच्याकडच्या रस्त्यांवर चेन म्हणजे काय ते ज्याने चालवलं त्यालाच कळेल. डांबरी रस्ता संपला की पांदण लागते. पावसाळ्यात तिथली काळी माती चाकाला अशी धरते की मडगार्डमधून टायर फिरत नाही, काडीने खरवडावं लागतं. हीच माती उन्हाळ्यात पिठासारखी होते. त्या फुफाट्यात पाय घातला तर घोट्यापर्यंत जातो. नवीन रस्त्याचं काम चालू असेल तिथे गिट्टीची चुरी असते, आणि ती मातीपेक्षा वाईट, कारण ती दगडाची आहे. त्यातून कापसाचा हंगाम. नोव्हेंबरपासून कापसाने भरलेले ट्रॅक्टर जिनिंगकडे जातात, रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना रुई लटकलेली असते आणि वाऱ्याने सगळीकडे उडत असते. तेल लावलेल्या चेनीला ती रुई अशी गुंडाळते की संध्याकाळी चेनीवर काळी वात वळलेली दिसते.

आणि मी तेल भरपूर लावत होते. चेन कुरकुरली की तेल. घरचं शिवणयंत्राचं तेल लावून पाहिलं, ते दोन दिवसांत उडून जायचं. मग शेजाऱ्याने ट्रॅक्टरचं जळकं ऑइल दिलं, ते ब्रशने फासलं. आवाज बंद झाला म्हणजे काम झालं असं मला वाटायचं.

जानेवारीत एका दुकानात सर्व्हिसिंगला गाडी दिली. दुकानाचं नाव घेत नाही, गावही सांगत नाही. तिथल्या पोराने मोटारसायकलच्या चेनीचा फवारा घेतला, पायडल उलटं फिरवत भरपूर मारला आणि पाच मिनिटांत गाडी परत दिली. चेन छान चमकत होती. पण फवाऱ्याचे तुषार मागच्या ब्रेकच्या डिस्कवर गेले होते, हे मला नाल्याच्या उतारावर कळलं. खाली रपटा, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, त्यावर बसलेल्या चार म्हशी, आणि मागचा ब्रेक दाबला तर नुसती किंकाळी, गाडी थांबायला तयार नाही. पुढच्या ब्रेकवर आणि चपलेवर कशीबशी थांबवली. डिस्क स्पिरिटने पुसून घेतली, पण पॅडमध्ये तेल मुरलं होतं, ते बदलावेच लागले. डिस्क ब्रेकच्या गाडीजवळ फवारा आणू नये, आणि आणायचाच झाला तर डिस्कवर फडकं बांधावं. एवढं तरी या लेखातून कोणी घेतलं तर मला बरं वाटेल.

फेब्रुवारीच्या शेवटी चेन तुटली. गाडी सव्वादोन हजार किलोमीटरही चालली नव्हती. दुपारचे तीन वाजले होते, घर नऊ किलोमीटर. मोटर मागच्या चाकातच असल्याने तिचं जोर लावणं चेनीतून जात नाही, म्हणून चेन तुटली तरी थ्रॉटल पिळून गाडी चालते, हे त्या दिवशी अनुभवाने कळलं. पण दिवसभराचं काम होऊन बॅटरीचा एकच खण उरला होता. सहा किलोमीटर तिने नेलं. उरलेलं अंतर मी चोवीस किलोची गाडी आणि पिशवी ढकलत आले. दुसऱ्या दिवशी एका शिक्षकांनी या कडुनिंबाखालच्या मिस्त्रींचं नाव काढलं आणि टेम्पोत गाडी टाकून मी त्यांच्याकडे गेले.

ते गाडीकडे न पाहता आधी माझ्या हातातल्या तुटलेल्या चेनीकडे पाहत राहिले. बोटावर काळं घेतलं, अंगठ्याने चोळलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"चोळून पाहा जी ताई. कसं लागते?"

खरखरीत लागलं. वाळूची बारीक भुकटी असल्यासारखं.

"हे तेल नाही. ही सहाण हाय. रोज घासून राह्यली तुमच्या चेनीले."

मग त्यांनी एक कडी पिन ठोकून मोकळी केली आणि पिन माझ्यापुढे धरली. मधोमध ती पिन खाल्लेली होती. नखाला खाच लागत होती. नव्या चेनीतली पिन शेजारी ठेवली तेव्हा फरक लख्ख दिसला. मला इतके दिवस वाटायचं की चेन ताणली जाऊन लांब होते, जशी परकराची नाडी होते. ते म्हणाले, "लोखंड ताणत नाही जी. सांधा आतून खाल्ल्या जाते, म्हणून चेन लंबी होते."

हे त्यांनी मोजून दाखवलं, आणि हा हिशेब मला फार आवडला. सायकलच्या चेनीत एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंत अर्धा इंच असतो, जगात कुठेही. म्हणजे चोवीस कड्या मोजल्या तर बरोबर बारा इंच. स्टीलची पट्टी पहिल्या पिनच्या मध्यावर ठेवायची आणि पंचविसाव्या पिनचा मध्य कुठे येतो ते पाहायचं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अर्धा सूत पुढे गेला तर सावध. पाऊण सुतावर सात गिअरची चेन बदलून टाकायची. एक सूत पुढे गेला म्हणजे शंभरात एक भाग लांबली, आणि तोवर तिने फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचे, दातही आपल्या मापाचे करून घेतलेले असतात. मग नवी चेन जुन्या दातांवरून घसरते. माझी चेन दीड सूत होती. एक सूत म्हणजे प्रत्येक सांध्यात मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग. डोळ्याला दिसत नाही, पण एकशेसोळा सांधे मिळून दीड सेंटिमीटर होतो.

फ्रीव्हील पाहून ते आणखी एक गोष्ट बोलले, जी मला कोणी सांगितली नव्हती. सातपैकी सगळ्यात लहान चक्राचे दात करवतीसारखे झाले होते आणि बाकीची सहा जवळजवळ कोरी. "तुम्ही गिअर बदलतच नाही." खरं होतं. मोटर ओढते म्हणून मी थांबल्या जागेवरून सातव्या गिअरवरच उठायचे. साध्या सायकलवर असं करता येत नाही, पायच सांगतात. इथे पायांना कळत नाही, पण चेनीला कळतं. चौदा दातांच्या चक्रावर चेन जास्त वाकते आणि सगळा जोर थोड्याच दातांवर येतो. तेव्हापासून मी थांबताना दोन-तीन गिअर खाली उतरते, मोटर असो वा नसो.

तुमची मोटर हबमध्ये नसून पायडलजवळ असेल तर हे सगळं दुपटीने लागू आहे. आपल्याकडे अशा गाड्या कमी दिसतात, पण डोंगरातल्या महागड्या इलेक्ट्रिक बाईकमध्ये मोटर तिथेच असते. बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स किंवा शिमानोची ईपीएट या मोटरी ८५ न्यूटन-मीटर, काही वेळा त्याहूनही जास्त जोर देतात, आणि तो सगळा पायाच्या जोरासकट त्याच चेनीतून मागच्या चाकाला जातो. तिथे चेन तुटली तर मोटर असून नसल्यासारखी.

आता मुख्य काम. मिस्त्रींनी मला दोन नव्या चेना घ्यायला लावल्या. एक तुटली असताना दोन कशाला, असं मी विचारलं. ते म्हणाले, एक गाडीवर आणि एक मेणात. चांभार दोऱ्याला मेण ओढतो तेव्हा दोरा सरकतो आणि धूळही धरत नाही, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. चेनीला मेण देतात हे त्यांच्या मुलाने मोबाइलवर दाखवलं, आणि वर्षभर स्वतःच्या सायकलवर करून पाहिल्यावरच त्यांनी गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आधी स्वतःवर, मग दुसऱ्यावर.

मी पहिल्या वेळी पूर्ण दिवस तिथे बसून सगळं पाहिलं. नवी चेन पाकिटातून निघते तेव्हा तिच्यावर कारखान्याचं चिकट ग्रीस असतं. त्यावर मेण धरत नाही. म्हणून आधी बरणीत पेट्रोल घालून चेन खळखळ हलवायची, पेट्रोल बदलून पुन्हा, आणि शेवटचा हात स्पिरिटचा. हे काम ते शेडच्या बाहेर, उघड्यावर आणि आदल्या दिवशी करतात. पेट्रोल आणि चूल एका दिवशी एका जागी आणायची नाही हा त्यांचा नियम आहे. घरी करणाऱ्यांनी तो मोडू नये.

दुसऱ्या दिवशी मेण. मेणबत्तीचं पांढरं मेण, रंग आणि वास नसलेलं. ते एका जुन्या जर्मनच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, घालून तो गंज पाणी असलेल्या मोठ्या गंजात ठेवतात. थेट आचेवर मेण ठेवलं तर ते तापून पेट घेऊ शकतं. पाण्यात ठेवलं की पाणी उकळेपर्यंतच तापणार, त्याच्या पुढे जात नाही. मेण पाण्यासारखं पातळ झालं की तारेच्या आकड्याला लावून चेन आत सोडायची. लगेच बारीक बुडबुडे यायला लागतात. ती रोलरच्या, म्हणजे पिनवर फिरणाऱ्या छोट्या नळीच्या, आतली हवा असते. हवा निघते तिथे मेण शिरतं. मिस्त्री आकडा हलवत राहतात आणि बुडबुडे थांबेपर्यंत चेन बाहेर काढत नाहीत. मग चूल बंद करून थांबायचं. मेणाच्या कडेला पांढरी साय धरायला लागली की चेन काढायची, कारण गरम असताना काढली तर आत गेलेलं मेण परत गळून जातं. हे थांबणंच लोकांना जमत नाही, असं ते म्हणाले.

काढलेली चेन कडुनिंबाला टांगतात. थंड झाली की ती काठीसारखी ताठ होते. मग लोखंडी नळीवरून ओढून एकेक सांधा मोकळा करायचा, कटकट आवाज येतो आणि मेणाचा भुगा पडतो. बाहेरचं मेण पहिल्या दोन-चार किलोमीटरमध्ये झडून जातं. उरतं ते आत, पिन आणि रोलरच्या मध्ये. "चेनीले बाहेरून काही लागत नाही. लागते ते पोटात." हे वाक्य त्यांनी मला तीनदा ऐकवलं असेल.

त्यावरून जानेवारीतल्या फवाऱ्याचाही उलगडा झाला. मोठ्या मोटारसायकलींच्या चेनीत सांध्यांना रबराच्या रिंगा असतात आणि ग्रीस आत बंद केलेलं असतं. तिथे वरून लावलेलं चिकट लूब रिंगा आणि रोलर जपण्यासाठी असतं, आणि वेगात उडू नये म्हणून ते चिकट बनवलेलं असतं. सायकलच्या चेनीत रिंगा नसतात, सांधा उघडा. त्यावर चिकट थर दिला की तो फक्त धूळ गोळा करतो.

आता माझा अनुभव. मेण दिलेली चेन हाताला कोरडी लागते. पहिले काही दिवस मला भीती वाटायची की काहीच लावलेलं नाही. पण आवाज नाही, पायडल हलकं, आणि मुख्य म्हणजे साडीच्या काठाला आणि पार्सलांना काळे डाग लागणं बंद झालं. फुफाट्यातून आलं की चेनीवर धूळ दिसते, ती कोरड्या फडक्याने पुसली की निघून जाते. या हंगामात रुईची वात एकदाही वळली नाही. मी रोज संध्याकाळी बॅटरी काढून गाडी उभी करते आणि चेन जुन्या बनियनच्या चिंधीतून दोन फेरे फिरवते. बॅटरी आधी काढायची, हे विसरू नका. या गाड्यांमध्ये पायडल फिरलं की मोटरला इशारा जातो, आणि चाक अधांतरी असताना मोटर सुरू झाली तर बोट चेनीत जायला क्षण पुरत नाही. मिस्त्री तर बॅटरी काढून बाकावर ठेवल्याशिवाय गाडीला हातच लावू देत नाहीत.

कोरड्या दिवसांत एका मेणावर माझे अडीचशे ते तीनशे किलोमीटर होतात, म्हणजे साधारण दहा दिवस. आवाज थोडा कोरडा यायला लागला की समजायचं वेळ झाली. मग मी घरीच चेन बदलते. दोन्ही चेनींना जोडायला क्विक लिंक आहे, चिमट्याने दाबली की सुटते. पहिल्यांदा मला अर्धा तास लागला होता, आता चहा उकळेपर्यंत होतं. दोन्ही चेना वापरून झाल्या की बाजाराच्या आदल्या दिवशी मिस्त्रींकडे टाकते आणि बाजाराच्या दिवशी उचलते. दुसऱ्या वेळेपासून पेट्रोल लागत नाही. उकळत्या पाण्यातून धुऊन वाळवायची आणि पुन्हा मेणात सोडायची.

मार्च २०२४ पासून आजपर्यंत गाडी अकरा हजार किलोमीटर चालली, म्हणजे प्रत्येक चेनीच्या वाट्याला साडेपाच हजार. गेल्या आठवड्यात मिस्त्रींनी पट्टी लावली. दोन्ही अजून अर्ध्या सुताच्या आत आहेत. पहिली चेन सव्वादोन हजारात दीड सूत झाली होती, हे आठवून पाहा.

खर्चही सांगते, कारण माझ्या पगारात तो मोजावाच लागतो. चेन ४२० रुपयांना एक, अशा दोन. नवं फ्रीव्हील ५५० रुपये. पहिल्या वेळची पूर्ण धुलाई आणि मेण, एका चेनीचे १५०. त्यानंतर प्रत्येक बुडवणीचे ५०. महिन्याला मला सरासरी दीडशे रुपये पडतात. वर्षाच्या शेवटी हिशेब केला तर दर तीन महिन्यांनी चेन आणि फ्रीव्हील बदलण्यापेक्षा फार कमी पैशांची बचत होते, हे मान्य करते. पण रस्त्यात गाडी बंद पडून पोडावरची माणसं उन्हात बसून राहिली असं सव्वा वर्षात एकदाही झालं नाही. माझ्यासाठी भाव तिथे आहे.

पावसाळ्याचं गणित मात्र वेगळं, आणि मेणाचं कौतुक करणाऱ्यांनी ते लपवू नये. जूनच्या शेवटी मी मेणाच्याच चेनीवर रपट्यातून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चेनीवर तांबूस गंज. मेण पाण्यात टिकत नाही असं नाही, पण चिखल आणि वाहतं पाणी ते दोन फेऱ्यांत उघडं पाडतं. मिस्त्रींना हे माहीत होतं, पण त्यांनी आधी सांगितलं नाही. विचारल्यावर म्हणाले, "तुम्ही विचारलंच नाही जी." ही मला त्यांची उणीव वाटते. इतकी माहिती असलेला माणूस आपणहून बोलत नाही, विचारावं लागतं.

पावसाळ्यासाठी त्यांचा इलाज म्हणजे नव्वद नंबरचं गिअर ऑइल, पण लावायची पद्धत सुईने औषध देतात तशी. मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजमध्ये तेल भरायचं आणि प्रत्येक रोलरवर एकच थेंब. एकशेसोळा थेंब, मोजून. चेन वीस-पंचवीस फेरे फिरवायची, अर्धा तास थांबायचं, आणि मग बाहेरून अशी पुसायची की हाताला तेल लागू नये. पुसण्याचं काम लावण्याइतकंच मोठं आहे. चिखलातून आल्यावर आधी चिखल साध्या पाण्याने, मगाने, धुवायचा. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या पाण्याखाली ही गाडी कधीच न्यायची नाही. ते पाणी हबच्या बेअरिंगमध्ये आणि मोटरच्या वायरच्या तोंडाशी शिरतं. पावसाळ्याचे चार महिने मी असं रोज केलं. कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. पण ऑक्टोबरमध्ये चेन मोजली तेव्हा झीज किरकोळ होती. मग पेट्रोलने सगळं तेल काढून पुन्हा मेणावर आलो.

मे महिन्याबद्दल एक सूचना. इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं काळं लोखंड त्याहून कितीतरी तापतं. मेण तेव्हा मऊ पडतं आणि धूळ धरायला लागतं. मी गाडी सावलीतच लावते, बॅटरीसाठीही तेच बरं.

दुकानाच्या तक्रारी आणखी आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत मिस्त्री शेतात असतात, तीन एकर आहे त्यांचं, आणि दुकान आठ-आठ दिवस बंद. मी तेव्हासाठी मेण दिलेल्या दोन्ही चेना आधीच घेऊन ठेवते. बॅटरी, कंट्रोलर, वायरिंग यांना ते हात लावत नाहीत. त्यासाठी मला यवतमाळला जावं लागतं. एकदा गर्दीत त्यांनी चेनीचा एक सांधा ताठ सोडला होता, प्रत्येक फेरीला पायडल अडखळायचं. परत गेले तर पैसे न घेता दुरुस्त केला आणि "चुकलं जी" म्हणाले. मला तेवढं पुरलं. पण एका गोष्टीवर मी त्यांच्याशी भांडले. चेन धुतलेलं काळं पेट्रोल ते मागच्या नालीत ओतायचे. ती नाली पुढे नदीला मिळते, आणि खाली जनावरं पाणी पितात. दोन-तीन वेळा बोलले तेव्हा त्यांनी झाकणाचा डबा ठेवला. त्यात गाळ खाली बसतो, वरचं पेट्रोल पहिल्या धुलाईला पुन्हा वापरता येतं. आता ते स्वतःच दुसऱ्यांना दाखवतात की यात किती पेट्रोल वाचतं.

माझ्या मागच्या गावातल्या आशाताईंनीही आता तशीच गाडी घेतली आहे, आणि दूध संकलनाला जाणाऱ्या एका मुलानेही. दोघांनाही मी गाडी घरी आल्या दिवशीच मिस्त्रींकडे नेलं, चेन एक किलोमीटर चालायच्या आधी. कारखान्याचं ग्रीस काढून मेण द्यायचं तर कोऱ्या चेनीवरच सगळ्यात सोपं जातं.

दुकान सकाळी साधारण नऊला उघडतं आणि दुपारी एक ते तीन बंद असतं. जाताना दोन जुनी सुती बनियनं न्या, त्यांच्याकडची चिंधी नेहमी संपलेली असते. बॅटरी घरीच ठेवून गेलात तरी चालेल. आणि प्रश्न आधी लिहून न्या. विचारलं तर ते सगळं सांगतात, हातातलं काम थांबवून सांगतात, आणि पिन ठोकून काढून तुमच्या तळहातावर ठेवतात.